मैदानात बूट घालून बोलू नये

चौथ्या पावलाला नत्थू रामटेकेच्या लक्षात आलं, की मागची तीन पावलं तो गवतावर चाललाच नव्हता. आणि हे त्याला तळव्यांनी सांगितलं नाही, डोळ्यांनी सांगितलं. खाली बघितलं तर हिरवं जरा जास्तच हिरवं होतं. मे महिन्यात रायपुरात इतकं हिरवं फक्त गाडीवरचं सरबत असतं. मध्यरेषेला लागून वीस बाय बारा फुटांचा प्लॅस्टिकच्या गवताचा तुकडा काल संध्याकाळी, तो घरी गेल्यावर, कुणीतरी अंथरून गेलं होतं. सगळ्या मैदानावर असंच गवत घालायचं चाललं होतं, त्याचा नमुना येणार हे आठवडाभर आधी कागदावर आलं होतं, आज बारा वाजता साहेब तो बघायला येणार हेही आलं होतं. त्यामुळे तुकड्याचा धक्का नव्हता. धक्का तीन पावलांचा होता. पस्तीस वर्षं ज्या तळव्यांनी या मैदानातला एकेक उंचवटा ओळखला, त्या तळव्यांनी प्लॅस्टिकवर तीन पावलं टाकली आणि वर निरोप पाठवला, की सगळं ठीक आहे. खोटं बोलणारा नोकर पकडावा तसं त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. पाय नेहमीसारखेच निर्ढावलेले, भेगाळलेले, बोटं फाकवून उभे होते. लाज वाटल्याचं काही चिन्ह नव्हतं. त्याने मग इकडेतिकडे पाहिलं. पंपाच्या खोलीजवळ कमलाबाई वासनिक पाण्याची नळी सोडवत बसली होती आणि तिची पाठ त्याच्याकडे होती, म्हणजे बहुधा तिने पाहिलं नसावं. कमलाबाईच्या पाठीलाही डोळे आहेत, हे त्याला वीस वर्षं माहीत होतं, पण सकाळी साडेपाचला माणसाने सगळंच आठवू नये.

नत्थूचे तळवे शहरात प्रसिद्ध होते. म्हणजे एका हिंदी पेपरात एकदा त्यांचा फोटो आला होता, नुसत्या तळव्यांचा, तोंडाचा नाही. खाली लिहिलं होतं, पैरों से मैदान पढ़ने वाला. गुढ़ियारीच्या घरात ते कात्रण बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, अदबीने दोन बोटं खाली, अजून चिकटवलेलं होतं. रोज पहाटे तो मैदानाच्या चुन्याच्या रेषेबाहेर चप्पल काढायचा आणि आडवा-उभा चालायचा. टाच दाबायची, उचलायची, दबलेलं गवत किती वेळात उठतं ते पुढच्या बोटांनी समजायचं. त्यावरून आज कुठे पाणी, कुठे नाही, कुठे रोलर फिरवायचा, कुठे वाळू टाकायची हे ठरायचं. तो म्हणेल ते कमलाबाईने करायचं. याच्यातूनच त्याचा नियम निघाला होता आणि रेषेजवळ पत्र्याच्या पाटीवर रंगवलाही होता: जूते यहाँ उतारें. खेळाडूंचे खिळ्यांचे बूट त्याला चालायचे, गवत त्यासाठीच असतं. पण मैदानाबद्दल काही म्हणायचं असेल, तर बूट काढून म्हणायचं. बूट घालून खेळायला परवानगी, बूट घालून बोलायला नाही. तीन प्रशिक्षक, एक इंजिनिअर आणि एक मंत्र्याचा भाचा यांना त्याने या कलमाखाली बाहेर उभं केलं होतं. भाच्याला नंतर आतही घेतलं, पण तो तोवर बोलायचंच विसरून गेला होता.

आणि बोलणारे कमी नव्हते, कारण हे मैदान कुणा एकाचं नव्हतं. फुटबॉलवाल्यांचं सकाळी, धावणाऱ्यांचं त्याआधी, शाळांच्या कवायतीचं दुपारी. जानेवारीत परेड, ऑक्टोबरात नऊ रात्री गरबा, निवडणूक आली की सभा, आणि ज्यांची ओळख असेल त्यांच्या मुलीचं लग्न. सगळ्यांना मैदान आपलं वाटायचं आणि सगळे आपलं समजून निघून जायचे. मागे राहायचं गवत, आणि गवताचा नत्थू. कोण येऊन गेलं हे त्याला विचारावं लागत नसे, गवताच्या जखमेवरून कळत असे. गरब्याने गोल रिंगण पडायचं, एकात एक, पाण्यात दगड टाकावा तसं. सभेचे चौकोन, चार-चार खड्ड्यांचे, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पायांचे. मागच्या रांगांत खड्डे उथळ असले तर समजायचं, की नेता पडणार, माणसं टेकलीच नव्हती. लग्नाचा गालिचा तीन दिवस राहिला, की खालचं गवत पिवळं, आजाऱ्याच्या कातडीसारखं. त्या सगळ्यांवर इलाज पंपाच्या खोलीमागे होता. तिथे धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, टाकतात तशा त्याने हरळीच्या वाफ्यांच्या चार ओळी राखल्या होत्या. मैदानाला भोक पडलं, की वाफ्यातला तेवढाच गड्डा मातीसकट उचलायचा, भोकात बसवायचा, टाचेने दाबायचा. पस्तीस वर्षांत गड्डे इतके झाले, की मूळचं मैदान आता कुठेच नव्हतं. सगळं मैदान पंपाच्या खोलीमागून, विताविताने, त्याच्या हातून चालत आलेलं होतं. ही गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर कुणीतरी म्हटलं असतं, मग हे सरकारी कसं?

त्याच वाफ्यांतून भाद्रपदात गणपतीची दूर्वा जायची. समता कॉलोनीतल्या पद्मजाबाई देशकर, भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरात असलेल्या घरातल्या, चतुर्थीच्या पहाटे रिक्षाने यायच्या, रेषेबाहेर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "नत्थू, एकवीस दे रे. बाजारात दूर्वा म्हणून देतात ती नुसती घास असते. तुझी कशी तीन पानांची, कोवळी." नत्थूने दीक्षा घेतलेल्या बापाच्या पोटी जन्म घेतलेला, गणपतीशी त्याचा काही व्यवहार नव्हता, पण गवताची कुणी स्तुती केली की त्याला धर्म आडवा येत नसे. तो निवडून एकवीस काढायचा आणि वर एक जास्तीची. पद्मजाबाईंच्या घरी त्याच्या चहाचा कप वेगळा होता, हे त्याला माहीत होतं. आणि त्याच हातची दूर्वा देवाच्या थेट डोक्यावर जाते, हे बाईंना माहीत होतं. यावर दोघंही काही बोलत नसत. पुढे सून आली, वेगळा कप कोणता हे तिच्या लक्षात राहिना, आणि एका शतकाचा प्रश्न खरकट्या भांड्यांच्या टोपल्यात सुटला. बाईंबरोबर कधी कधी त्यांचा मुलगा, लहानगा शिशिर, यायचा, पायात सॅंडल घालून भसकन रेषेच्या आत पळायचा, आणि नत्थू त्याला काखेत धरून बाहेर आणायचा. तोच शिशिर आता स्टेडियमचा प्रभारी साहेब होता आणि बारा वाजता यायचा होता.

वाफ्यांपाशी बसून, आज पहिल्यांदाच चप्पल घालून, नत्थू दोन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारकडे गेला. रुचिता, त्याची पोट्टी, समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. रक्तात साखर निघाल्यावर तिने त्याला टेबलावर झोपवून डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक तार तळव्याला टोचत गेली. "बाबा, टोचलं की हव म्हणा." पहिल्यांदा काहीच झालं नाही. त्याला वाटलं, अजून सुरूच केलेलं नाही. मग त्याने पापणी किंचित उघडली. तार टोचताना रुचिता खालचा ओठ दाताखाली घेते, अगदी आईसारखी, सुई ओवताना घ्यायची तसा. मग काय, ओठ आत गेला की नत्थू म्हणायचा, हव. दहापैकी नऊ बरोबर आले. एक त्याने मुद्दाम चुकवला, कारण पूर्ण मार्क मिळाले की मास्तर संशय घेतात. रुचिता खूश झाली. तोही खूश झाला, आणि घरी येऊन रात्रभर पाय चादरीबाहेर काढून त्यांच्याकडे पाहत बसला. तेव्हापासून तो मैदानावर चालायचा तसाच, टाच दाबून, बोटं फाकवून, पण हुकूम सुटायचे ते आठवणीतून. मागच्या मे महिन्यात उत्तरेच्या गोलजवळ ओल राहत होती, म्हणजे यंदाही राहणार. तिथे पाणी नको. आणि आश्चर्य असं, की मैदान हललं नाही. उलट मागच्या वर्षी बाहेरगावच्या एका संघाच्या प्रशिक्षकाने गुडघ्यावर बसून गवत हाताने कुरवाळलं होतं. नत्थूने त्यातून निष्कर्ष काढला होता: पाय गेले, पण मैदान आता डोक्यात उतरलं आहे. याचा त्याला तळव्यांपेक्षाही जास्त अभिमान वाटायला लागला होता. तळवे कुणालाही असतात.

"भाऊ, आज गोलजवळ?" कमलाबाई येऊन उभी राहिली होती. साडीचा ओचा खोचलेला, पाय अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल.

"पाणी नको तिथं. ओल हाय."

"हव." ती म्हणाली. "त्या पिलास्टिकवर चाललात म्हने सकाळी."

"पाहून राहिलो होतो कसं लागते ते."

"कसं लागते?"

"जसं दिसते तसंच लागते," नत्थू म्हणाला. मग आवाज खाली आणून, "कमलाबाई, बारा वाजू दे. साहेबाले बूट काढायले लावतो अन् त्याच्यावर उभा करतो. रायपूरचं ऊन हाय. दोन मिनिटांत पोट्टा नाचन. मग आपल्याले बोलाचंच काम नाही."

कमलाबाईने त्याच्या चपलांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "तुमी बी उभे राहासान का?"

"मी पहिले राहीन. मैदान कोनाचं हाय?"

 कमलाबाई नळी खांद्यावर टाकून गेली, आणि नेमकी उत्तरेच्या गोलकडे गेली. नत्थूने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, नळी सुकवायला नेत असेल.

बारा वाजता जे आले ते दोघेच. शिशिर देशकर, काळा चष्मा, हातात फाईल. आणि लोकेश नावाचा कंपनीचा माणूस, टाय लावलेला, पंडरीतल्या कापडाच्या ठोक व्यापाऱ्याचा मुलगा. तो बोलायला लागला आणि नत्थूला ताबडतोब दुकान दिसलं. गवताची कड उचलून त्याने उलटं सुलटं दाखवलं, मुठीत चुरगळून सोडलं, रंग जाणार नाही म्हणाला, आकसणार नाही म्हणाला. फक्त मीटरला किती हे सांगून कात्री घालायचं राहिलं. "पानी नहीं, खाद नहीं, कटाई नहीं सर. सुबह फुटबॉल, शाम को गरबा, दूसरे दिन सभा. आठ साल कुछ देखना ही नहीं." शिशिरने मान डोलावली. आठ वर्षं काही बघायचंच नाही, हे ऐकून कुठल्या साहेबाची मान हलणार नाही? नत्थूला त्याचा राग आला नाही. या मुलाकडे चार मैदानं होती, एक तलाव होता, आणि प्रत्येक ठिकाणी एकेक नत्थू बसलेला होता, पुढच्या मार्चात निवृत्त होणारा.

"साहेब," नत्थू म्हणाला, "बूट."

शिशिर हसला. चष्मा काढला, खाली वाकून बूट काढले, मोजे त्यात नीट कोंबले. तेवढ्यापुरता तो सहा वर्षांचा झाला. "नत्थू काका का नियम है," तो लोकेशला म्हणाला. मराठी त्याला सगळी समजायची, पण उत्तर हिंदीतच यायचं. लोकेशनेही काढले, त्याच्या मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं आणि ते पाहून नत्थूला त्याच्याविषयी एकदम माया वाटली. मग नत्थू पुढे झाला आणि प्लॅस्टिकच्या मधोमध जाऊन उभा राहिला. छाती पुढे, हात मागे, परेडच्या दिवशी झेंड्याकडे बघत उभा राहतो तसा. काही नव्हतं. खाली काहीच नव्हतं, ना गरम, ना थंड; दोन उशांवर उभं असल्यासारखं. त्याला आतून हसू येत होतं, आता बघा. शिशिरने एक पाय टेकवला आणि झटक्यात मागे घेतला. "अरे बाप रे!" लोकेश दोन पावलं आत आला, त्याच्या तोंडावरचा रंग गेला, पण तो व्यापाऱ्याचा मुलगा होता, उड्या मारत बाहेर पडता पडताच त्याने नत्थूकडे पाहिलं आणि त्याला आपलं दुकान वाचलेलं दिसलं.

"सर, देखिए! नत्थूजी कितने आराम से खड़े हैं. हम लोग एसी वाले हैं, हमारे तलवे नाज़ुक हैं. खिलाड़ी तो जूते में खेलेगा. और जिनके पैरों का अखबार में फोटो आया, उनको कोई तकलीफ नहीं."

शिशिर वळून पाहू लागला. रेषेवर कमलाबाई खुरपं हातात धरून उभी होती, तीही पाहत होती. नत्थूला कळायला एक क्षण लागला आणि कळलं तेव्हा त्याचं पूर्ण एक मिनिट तिथे उभं राहून झालं होतं. आता उडी मारावी का? मारता आली असती. हव म्हणायला त्याला येत होतं. ओठ बघून दहापैकी नऊ काढणारा माणूस. पण ज्याला चटका बसतो तो छाती काढून मिनिटभर उभा राहून मग उडी मारत नाही. नाटकाचा मुहूर्त टळून गेला होता. "काका, आप बोलिए," शिशिर म्हणाला. "आप कह दें ठीक है, तो मैं मान लूँगा. आपके पैर से बड़ा मैं नहीं हूँ." हे तो मनापासून म्हणत होता, म्हणूनच ते वाईट होतं. नत्थूच्या डोळ्यांपुढे कात्रण आलं, तसबिरीखालचं. नुसते तळवे, तोंड नसलेले. त्या फोटोवर तो वीस वर्षं जगला होता. गवत वाचवायचं तर तोच फोटो भिंतीवरून स्वतःच्या हाताने काढायचा होता, आणि तोही कापडवाल्याच्या मुलासमोर.

"साहेब, मले काही समजत नाही," तो म्हणाला. आवाज साधा आला, पाण्याची पाळी सांगावी तसा. "गरम नाही, थंडं नाही. माह्ये पाय दोन साल झाले, मेले. साखर हाय." आणि बसून त्याने उजवा पाय उलटा करून दाखवला. टाचेवर रुपयाएवढा फोड पांढरा फुगून आला होता. तो त्याने आत्ताच, त्यांच्याबरोबरच पाहिला. "हे पाहा. हे मले तुमच्यासंगंच माहीत पडून राहिलं."

 मग शिशिर प्लॅस्टिकवर तसाच अनवाणी आला, नाचत, चटके खात, त्याच्या काखेत हात घालून त्याला उचलू लागला, आणि दोघं गवतावर आले. तिथे गवत होतं म्हणजे काय होतं, ते नत्थूला शिशिरच्या तोंडावर दिसलं. भाजलेलं पोर पाण्यात पाय घालून बसावं तसं तोंड. पण लोकेश हुशार होता. "सर, फिर तो बात और साफ हो गई," तो हळू म्हणाला. "नेचुरल घास एक आदमी के पैर पर चलती है. वो पैर दो साल से बंद है. अगले मार्च रिटायर. फिर?" हे खोटं नव्हतं.  डोक्यात मैदान आहे असं सांगावं, तर डोकंही मार्चातच निवृत्त होणार होतं.

"बंद काहून राहीन?" कमलाबाई रेषेवरून म्हणाली. मग खुरपं खाली ठेवून आत आली. पायात काही नव्हतंच, त्यामुळे नियमाचा प्रश्न नव्हता. "दोन साल मी चालून राहिली ना. भाऊ म्हनत, गोलजवळ पानी नको. मी देत होती. भाऊ म्हनत, मधात रोलर फिरव. मी नव्हती फिरवत. वलं राहे तिथं, दबलं असतं. गड्डे बी मीच बसवले, गरब्याचे."

"कमलाबाई," नत्थू म्हणाला, "तू मले हव म्हनत होती ना?"

"हव तं म्हनाच लागते, भाऊ. तुमी मोठे हा."

नत्थू तिच्याकडे बघत राहिला. दोन वर्षं. सातशे सकाळी त्याने हुकूम दिले आणि या बाईने सातशे वेळा हव म्हणून त्यातले जवळपास सगळे मोडले. डोक्यात उतरलेलं मैदान एकदम रिकामं झालं. तिथे नुसतीच खुर्च्यांची भोकं राहिली. त्याने फसवलं होतं रुचिताला एका दुपारी. तो स्वतः कितीदा फसला होता ते मोजायला त्याला आता कॅलेंडर लागलं असतं. त्याला संतापायचं होतं, आणि संतापाची वाट बघत तो उभा राहिला, तर त्याऐवजी भलतंच काही वर आलं. वीस वर्षांपूर्वी ही बाई रोजंदारीवर निंदणीला आली, तेव्हा चप्पल घालूनच आत आली होती. त्याने तिला बाहेर काढलं, चप्पल उतरवायला लावली, आणि महिनाभर रोज एक तास नुसती उभी केली. खुरपं नाही, नळी नाही. "उभी राह्य. काय सांगते ते ऐक." "कोन सांगते?" तिने विचारलं होतं. "खालचं." ती बिचारी उन्हात उभी राहून त्याला मनातल्या मनात शिव्या देत असणार. पण ऐकत होती. म्हणजे तो कात्रणातला तळवा गेला नव्हता, नुसता पाय बदलला होता. गड्डा उचलून दुसरीकडे बसवला होता आणि बसवणाऱ्यालाच त्याची खबर नव्हती. गड्डा इतका चांगला बसला तरच असं होतं. सांधा दिसत नाही.

"मग तिकडं गोलजवळ आत्ता कसं हाय?" त्याने विचारलं. आवाज परीक्षेच्या मास्तरासारखा ठेवला.

"सकाळी पानी देल्लं. आता बोटाच्या पेरापर्यंत वल हाय. वरून सुकलं. संध्याकाळपर्यंत जाते."

शिशिर उत्तरेच्या गोलकडे चालत गेला, वाकला, बोट खुपसलं. लांबून त्याचं बोट वर आलेलं दिसलं, एका पेरापर्यंत काळं. तो परत आला, मातीच्या बोटानेच फाईल उघडली आणि उभ्याउभ्याच काही लिहिलं. सरकारी भाषेत ते बरंच लांब झालं असेल, पण अर्थ असा होता, की नमुना आजच उचलावा, खरं गवत राहील, आणि मार्चनंतर मैदानाचा कारभार श्रीमती कमला वासनिक बघतील. लिहिताना मातीचा ठसा सहीच्या शेजारी उमटला आणि त्याने तो पुसला नाही. लोकेशने गवताचा तागा गुंडाळायला घेतला. "आई को बोलूँगा," शिशिर बूट हातात घेऊन जाता जाता नत्थूला म्हणाला, "इस साल दूर्वा कमला दीदी से लेना." आणि मग, पहिल्यांदाच, अडखळत, मराठीत: "एकवीस. अन् एक जास्तीची." जास्तीची एक कुणी मोजली असेल असं नत्थूला कधी वाटलं नव्हतं.

रुचिताने त्या संध्याकाळी फोडाला पट्टी बांधली, आणि खालचा ओठ सबंध वेळ दाताखाली ठेवला, त्यामुळे कधी टोचतंय ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. चार दिवसांनी तिने त्याला मऊ तळाचे, पायाच्या मापाने शिवून घेतलेले बूट आणून दिले आणि सांगितलं, की आता ते झोपतानाच काढायचे.

पाचव्या दिवशी पहाटे नत्थू बूट घालून मैदानावर आला आणि चुन्याच्या रेषेवर थांबला. आत जायला हरकत नव्हती. त्याच्या नियमात बूट घालून आत जायला बंदी नव्हतीच, बोलायला होती. पण नुसतं आत जाऊन काय करायचं, म्हणून तो बाहेरच, पद्मजाबाई उभ्या राहायच्या त्याच जागी उभा राहिला. मध्यरेषेजवळ प्लॅस्टिकखाली दबलेलं गवत अजून फिकट होतं, पण टोकं वर यायला लागली होती. ते इथूनही दिसत होतं. कमलाबाई आडवी चालली, मग उभी चालली. टाच दाबत, बोटं फाकवत. चालताना ती अगदी त्याच्यासारखी डाव्या खांद्यात किंचित झुकते, हे त्याने आज पाहिलं. इतकी वर्षं तो आतून चालत होता, बाहेरून कसं दिसतं ते कधी बघितलंच नव्हतं. बरं दिसत होतं. पेपरवाल्याने तोंडासकट फोटो घ्यायला हवा होता.

उत्तरेच्या गोलजवळ ती थांबली आणि ओरडली, "भाऊ! गोलजवळ पानी देऊ का?"

मे महिन्यात तिथे ओल राहते. पस्तीस वर्षांचा अनुभव होता. नको, हा शब्द त्याच्या जिभेवर येऊन उभा राहिला. मग त्याने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. विचारायची पद्धत कमलाबाईने अजून सोडली नव्हती. उत्तरासाठी थांबायची मात्र केव्हाच सोडली होती. त्याचं तोंड मिटायच्या आधीच तिने नळ फिरवला होता. पाणी उंच उडालं, वाऱ्याने वळलं, आणि रेषेपर्यंत येऊन त्याच्या तोंडावर आलं. ते मात्र त्याला समजलं. गार होतं.